पंचवीस अंगणवाड्या आणि महिन्याचे पंधरा दिवस

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं डोंगरवाड्यांचं एखादं बीट, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडं सोपवलेला अंगणवाड्यांचा गट, घ्या. वाड्या उतारावर विखुरलेल्या, एसटी मोजकी, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पलीकडची अंगणवाडी तुटलीच. सांगली जिल्ह्यातल्या जतमधलं बीट याच्या उलट. माळरान, पाऊस कमी, पण गावागावांतलं अंतर मोठं आणि सीमेलगतच्या गावांत घरी कानडी बोलणारी मुलं. दोन्हीकडं बीटची जबाबदारी एकाच बाईवर असते. कागदावर ती मुख्यसेविका किंवा पर्यवेक्षिका, सेविकांसाठी ‘मॅडम’. तिच्याकडं साधारण २० ते २५ अंगणवाड्या. तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग.

बालशिक्षणाचा विषय निघाला की आपण सेविकेबद्दल बोलतो, खेळण्यांबद्दल, इमारतीबद्दल बोलतो. पर्यवेक्षिका त्या बोलण्यात क्वचितच येते. पण पंचवीस वर्गांत रोज काय घडतं यावर सगळ्यांत जवळून परिणाम करू शकणारी तीच असते.

काहीजणी सरळसेवेची परीक्षा देऊन या पदावर येतात, काही सेविका म्हणून बरीच वर्षं काढून पदोन्नतीनं. पहिलीला कागद लवकर कळतो, वर्ग कळायला वेळ लागतो. दुसरीला वर्ग तळहातासारखा माहीत असतो, पण कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आज चूक कशी दाखवायची, हे अवघड जातं. दोघींच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग योजना, नमुने आणि अहवाल यांतच जातो. दुसऱ्याच्या हातून काम चांगलं कसं होईल हे बघणं, म्हणजेच व्यवस्थापन, ज्याचं त्यानं शिकायचं असं धरून चालतात. ते शिकता येतं, आणि पायरीपायरीनं शिकवताही येतं.

भेट रजिस्टरभोवती का फिरते

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी या मोजता येतात. आहाराची पाकिटं मोजता येतात, वजन किलोत लिहिता येतं. पूर्वप्राथमिक शिक्षण तसं मोजता येत नाही. त्यामुळं तपासणी आपोआप मोजता येणाऱ्या गोष्टींकडं सरकली, आणि भेट म्हणजे रजिस्टरवर सही असं समीकरण बसलं.

दरम्यान अपेक्षा बदलल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी या एकाच साखळीतल्या कड्या झाल्या. २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा आला, २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ उपक्रम सुरू झाला, आणि २०२४ मध्ये ३ ते ६ वयासाठी ‘आधारशिला’ अभ्यासक्रम. महाराष्ट्रात ‘आकार’ हा राज्याचा अभ्यासक्रम त्याआधीपासून होताच. अभ्यासक्रम बदलला, भेटीची सवय मात्र जुनीच राहिली. आमच्या मते खरी अडचण इथं आहे, आणि ती आणखी एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणानं सुटणारी नाही.

आधी दिवस मोजा

महिन्यात कामाचे २४ दिवस धरू. प्रकल्प कार्यालयाची बैठक १, बीट बैठक १, पंचायत समिती, ग्रामसभा आणि इतर मोहिमा ३, अहवाल ३, रजा किंवा अचानक आलेलं काम १. उरले १५. पंचवीस अंगणवाड्यांना पंधरा दिवस.

दिवसाला दोन अंगणवाड्या उरकायच्या ठरवल्या तर सगळ्या होतात, पण नीट एकही होत नाही. मुलांसोबतचा वेळ साधारण चार तासांचा. दुसरीकडं पोचेपर्यंत तिथली मुलं खिचडी खाऊन घरी निघालेली असतात, आणि पर्यवेक्षिकेला भेटतं ते फक्त रजिस्टर.

म्हणून भेटींचे दोन प्रकार करावेत. महिन्यातले ८ दिवस सविस्तर भेटींसाठी, रोज एकच अंगणवाडी. राहिलेल्या ७ दिवसांत उरलेल्या १७ ठिकाणी दोन-तीन करत छोट्या भेटी: हजेरी, आहार, सुरक्षितता, मागच्या वेळी ठरलेली एक गोष्ट, बस. या हिशेबानं तीन महिन्यांत २४ सविस्तर भेटी होतात. पंचविसावी शेवटच्या महिन्यात ओढूनताणून बसवावी लागते, पण बसते.

कुठल्या आठ आधी? नवीन सेविका असलेल्या, हजेरी घसरलेल्या, आणि एक तरी उत्तम चालणारी. चांगल्या वर्गाकडं ‘तिथं काळजी नाही’ म्हणून कुणी फिरकत नाही, आणि त्या सेविकेला वाटतं की आपलं काम कुणाच्या लक्षातच येत नाही. दुसरी नेहमीची चूक रस्त्याची. डांबरी रस्त्यालगतच्या अंगणवाडीच्या भेट वहीत महिन्यात तीन शेरे, आणि चढ चढून जायच्या वाडीत चार महिन्यांत एक. बीटचा हातानं काढलेला नकाशा भिंतीवर लावून प्रत्येक भेटीची तारीख त्यावर टाकली की हे आपलं आपल्याला दिसतं.

सविस्तर भेट

अंगणवाडी उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पोचायचं. सुरुवातीची ४० मिनिटं मागं, जमिनीवर, गप्प बसायचं. फोन पिशवीत. रजिस्टर मागायचं नाही, कारण ते मागितलं की सेविकेचं लक्ष मुलांवरून उडालंच.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडं आपलं मत. ‘वर्ग कंटाळवाणा’ हे मत आहे. ‘१०.२० ते १०.४५ मुलं रांगेत बसून मुळाक्षरं म्हणत होती, २२ पैकी ५ मुलं आपणहून बोलली, ठोकळ्यांची पेटी कपाटावर’ ही नोंद आहे. सेविकेशी बोलताना फक्त डावी बाजू वापरायची. मतावर वाद होतो, नोंदीवर चर्चा होते. हा फरक हाताला बसायला पाच-सहा भेटी तरी जातात. सुरुवातीला बहुतेकींची उजवी बाजूच भरलेली असते.

मोजायच्या गोष्टी चारच ठेवा. किती मुलं पूर्ण वाक्य बोलली. मुलं सलग किती मिनिटं एका जागी बसली. या वयाला १५-२० मिनिटांपुढं ताण येतो. मुलांच्या हाताला पोचेल अशा उंचीवर किती वस्तू आहेत. आणि सेविकेच्या किती प्रश्नांना एकाहून जास्त उत्तरं होती. ‘हा कोणता रंग?’ या प्रश्नाला उत्तर एकच. ‘हा डबा पाण्यात बुडेल की तरंगेल, आणि का वाटतं तसं?’ या प्रश्नावर वीस मुलं वीस गोष्टी सांगतात, आणि भाषा तिथं वाढते.

हमखास घडणारी गोष्ट म्हणजे मॅडम आल्या की पाठ केलेलं बडबडगीत सुरू होतं. सेविका खोटेपणा करते असं नाही, तपासणीची इतक्या वर्षांची भीती बोलते. तीनेक भेटींत मॅडम गप्प बसतात, लिहितात आणि नंतर नीट बोलतात हे कळलं की ही सजावट आपोआप गळते. दुसरी चूक पर्यवेक्षिकेच्या बाजूनं होते. मुलं चुळबुळ करायला लागली की तिला राहवत नाही आणि ती स्वतः वर्ग घ्यायला लागते. मुलांसमोर सेविकेचा अधिकार असा काढून घेऊ नये. काही करून दाखवायचंच असेल तर आधी विचारून, दहा मिनिटं.

याला अपवाद एकच. उघडी वायर, झाकण नसलेली टाकी, आंबलेला आहार, आजारी दिसणारं मूल. इथं नोंद लिहीत बसायचं नाही. तिथल्या तिथं सांगायचं आणि शक्य तर तिथंच मार्गी लावायचं.

नंतरची वीस मिनिटं

मुलं घरी गेल्यावर सेविका आणि पर्यवेक्षिका दोघीच, वीस मिनिटं. मदतनीस किंवा गावातलं कुणी समोर असताना चूक दाखवू नये.

पहिलं बोलणं सेविकेचं. ‘ताई, आजच्या दिवसात तुम्हाला स्वतःला काय बरं वाटलं? कुठं अडलं?’ बहुतेक वेळा अडचण तिला आधीच माहीत असते. मग नेमकं कौतुक एक. ‘छान घेता’ एवढ्यानं काही पोचत नाही. ‘तो रडणारा मुलगा आल्यावर तुम्ही त्याला मांडीवर घेऊन गोष्ट चालूच ठेवली, त्यामुळं बाकीची मुलं विस्कटली नाहीत’ हे पोचतं, कारण नेमकं काय पुन्हा करायचं ते तिला कळतं.

मग एक प्रश्न, नोंदीतून. ‘तुम्ही मुलांना नुसतं बसवून ठेवता’ असं म्हटलं की सेविका कारणं सांगते: जागा कमी, मुलं लहान, फोनवरची कामं. तीच गोष्ट अशी विचारता येते: ‘गोष्ट चालू होती तेव्हा मागच्या चार मुली खिडकीकडं बघत होत्या. त्यांना गोष्टीत कसं घेता येईल?’ मग सेविका उपाय शोधायला लागते. तिला सुचला नाही तर दोन पर्याय द्यावेत आणि निवड तिची.

शेवटी ठरवायची गोष्ट एकच. लहान, दिसणारी, तारखेसकट. ‘येत्या सोमवारपासून रोज सकाळी २० मिनिटं मुक्त खेळ, ठोकळे आणि भातुकली खालच्या फळीवर.’ तीन सूचना दिल्या तर एकही होत नाही. सेविकेच्या दिवसात आहार, वजनं, गृहभेटी, लाभार्थ्यांच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकर (अंगणवाडीची माहिती भरायचं मोबाईल अॅप) आधीच दाटीवाटीनं बसलेले असतात.

हे भेट वहीत याच शब्दांत लिहायचं. जिल्ह्यातली कुठलीही जुनी भेट वही उघडली तर ‘कामकाज समाधानकारक. आवश्यक त्या सूचना दिल्या.’ हा शेरा भेटेल. कुठल्या सूचना, कधीपर्यंत, त्याचं पुढं काय झालं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. पुढच्या भेटीचा पहिला प्रश्न मागच्या शेऱ्यातूनच निघाला पाहिजे. नाही झालं तर रागवायच्या आधी कशामुळं अडलं ते विचारायचं. बऱ्याचदा कारण साधं निघतं: खालची फळी मोडलेली, किंवा त्याच खोलीत आहाराचं धान्य भरून ठेवलेलं.

बीट बैठक आणि फोन

बीट बैठकीचे तीन तास सहसा परिपत्रकं वाचण्यात आणि आकडे गोळा करण्यात जातात. जी माहिती फोनवर जाऊ शकते ती आदल्या दिवशी मागवा आणि बैठकीत कागदांना ४० मिनिटांच्या वर देऊ नका. त्यानंतर दीड तास एकाच कृतीसाठी. दोन सेविकांनी ती करून दाखवायची, बाकीच्यांनी मुलांच्या भूमिकेत बसायचं, मग गटात स्वतः करून बघायचं, आणि लागणारं साहित्य तिथंच बनवून सोबत न्यायचं. करून दाखवणाऱ्या दोघी दर महिन्याला बदलायच्या. माण किंवा आटपाडीतल्या सेविकेनं शेळ्या-मेंढ्यांवरून मोजणी घेतली तर शेजारच्या गावातल्या बाईला ती जितकी पटते तितकी कुठल्याही छापील पुस्तिकेतली पटत नाही.

फोनबद्दल कडक नियम लागतो, आणि तो पर्यवेक्षिकेनं स्वतःला लावायचा असतो. सकाळी अकराला ‘तातडीनं फोटो पाठवा’ असा संदेश गेला की पंचवीस वर्गांत त्या क्षणी गोष्ट थांबते. वरून आलेला संदेश तसाच पुढं ढकलणं हे टपालाचं काम झालं. आजच हवंय की उद्या चालेल, आपल्याकडंच ही माहिती आहे का, हे बघून मग पाठवणं हे नेतृत्वाचं. ग्रुपवर कामाचे संदेश दुपारी तीननंतरच, आणीबाणी असेल तर थेट फोन. एवढं पाळलं तरी मुलांचा वेळ वाचतो.

आकडे वाचायला शिकणं

पोषण ट्रॅकरवर आकडे भरपूर येतात, ते भरले गेले की नाही एवढंच बहुतेक वेळा बघितलं जातं. आकड्यांतून कुठं मदत हवी ते कळतं. लागोपाठ दोन महिने बऱ्याच मुलांचं वजन तंतोतंत तेच असेल तर मागचा आकडा उतरवलाय. सगळी वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर संपत असतील तर काटा अंदाजे वाचला जातोय, किंवा बिघडलाय. उंची कमी झालेली दिसली तर मोजण्यात चूक आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून आणि त्यावरच्या मुलाची उंची उभं करून मोजतात, आणि उभं राहून मोजलेला आकडा साधारण ०.७ सेंटिमीटरनं कमी येतो. पद्धत मिसळली की गोंधळ झालाच. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असलेलं मूल तीव्र कुपोषणाचं, त्याला वाट बघायला लावायची नाही. सविस्तर भेटीत कुठल्याही दोन मुलांची वजनं सेविकेसोबत परत घ्यावीत, काटा शून्यावर आहे का ते बघून. पकडायचा हेतू ठेवला तर पुढच्या वेळी आकडे अजून सुबक येतील, खरे येणार नाहीत.

साहित्य कपाटात का राहतं

खेळ वापरले की तुटतात, आणि तुटलेलं खेळणं साठा नोंदवहीत दाखवायचं कसं याची सेविकेला धास्ती असते. म्हणून पूर्वशालेय संच कपाटात कोराच्या कोरा राहतो. ‘साहित्य वापरा’ असं दहादा सांगून हे बदलत नाही. मोडलेल्या वस्तूंची यादी दर तीन महिन्यांनी घेऊन निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पर्यवेक्षिकेनं स्वतः पुढं पाठवला की बदलतं. झिजलेले ठोकळे ही वर्ग चालल्याची खूण आहे, हे तिनं उघडपणे म्हटलं पाहिजे.

बाकी साहित्य गावातच असतं. चिंचोके, कणसाची बुरकुंडं, ओली माती, जुन्या साड्यांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. चिंचोके आणि झाकणं तीन वर्षांच्या मुलांना देताना मात्र सेविकेची नजर हवी, कारण ती तोंडात जातात.

पालक, आणि ‘लिहायला कधी शिकवणार?’

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस गावात येते, आणि तीन वर्षांचं मूल त्यात बसतं. मागं राहिलेल्या पालकांचा सेविकेला एकच प्रश्न असतो: वहीत काही दिसत नाही. या दबावाखाली ती पाटी-पेन्सिल काढते आणि खेळ बंद होतो. इथं सेविकेला एकटं सोडू नये. पालकसभेला मॅडमनं स्वतः यावं आणि भाषणाऐवजी करायला लावावं: आईच्या हातात माती, सुईदोरा, फाडायला कागद. लिहिण्याआधी बोटांत जी ताकद लागते ती मळणं, ओवणं, फाडणं यांतून येते, हे हाताला जाणवलं की पटतं. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या गुरुजींना किंवा बाईंनाही बोलवावं. पहिलीत कुठली मुलं रुळतात हे त्यांनी सांगितलं की गाव ऐकतं.

ऊस, पाऊस आणि वर्षाचं नियोजन

वार्षिक नियोजन छापील तक्त्यावर केलं तर ते पहिल्या पावसात वाहून जातं. कृष्णा-वारणाकाठच्या पलूस, वाळवा, मिरजेच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलाय. तिथं साहित्य आणि नोंदवह्या जुलैपूर्वी उंचावर न्यायचं काम नियोजनात तारखेसह हवं. फलटण-लोणंद भागात पालखीचे दिवस धरावे लागतात. जतच्या सीमेवर जूनच्या नव्या मुलांसाठी कानडी समजणारी सेविका किंवा मदतनीस पहिल्या महिन्यात कुठं असेल, ते मे महिन्यातच ठरवावं लागतं.

सगळ्यांत मोठं काम ऊसतोडीचं. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि टोळ्या उतरतात. कुठल्या गावच्या शिवारात कुठली टोळी उतरणार, याचा अंदाज कारखान्याच्या शेती विभागाकडं आणि चिटबॉयकडं (कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याकडं) असतो. पर्यवेक्षिकेनं सप्टेंबरातच तो मिळवावा, मुकादमाशी बोलून मुलांची यादी करावी, आणि मूळ गावातली नोंद ट्रॅकरवर इकडं वळती करून घ्यावी. आईबाप पहाटेच फडात जातात, त्यामुळं मुलांना कोप्यांवरून (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवरून) आणायचं कुणी आणि किती वाजता, हे मदतनीसाशी बोलून ठरवायचं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातूनच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी उभी केली. ऊसतोडीच्या अड्ड्यावर रोज दोन तास सतरंजी टाकून बसणं हे त्या मूळ कल्पनेच्या अगदी जवळचं आहे.

पर्यवेक्षिकेला घडवायचं कुणी?

बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी. पर्यवेक्षिकेनं सेविकेसोबत जे करायचं, तेच त्यांनी पर्यवेक्षिकेसोबत करायचं. महिन्यातून एक जोडभेट: दोघी एकाच वर्गात बसतात, नंतर पर्यवेक्षिका सेविकेशी बोलते आणि अधिकारी फक्त ऐकतात. परतीच्या वाटेवर वीस मिनिटं, त्याच क्रमानं: तुम्हाला काय वाटलं, एक कौतुक, एक प्रश्न, एक ठराव.

याशिवाय तालुक्यातल्या चार-पाच पर्यवेक्षिकांनी महिन्यातून एकदा एकाच अंगणवाडीत एकत्र बसावं, सेविकेला आधी विचारून. प्रत्येकीनं स्वतंत्र नोंदी लिहायच्या आणि नंतर एकमेकींच्या वाचायच्या. एकीला मुलं शिस्तीत दिसतात, दुसरीला तीच मुलं दबलेली दिसतात. यावर झालेली चर्चा हे त्यांचं सगळ्यांत चांगलं प्रशिक्षण. फलटणच्या किंवा सांगलीच्या डाएटमधल्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या) अधिव्याख्यात्यांना अधूनमधून सोबत घेता आलं तर पहिलीशी असलेला सांधाही पक्का होतो.

एका वेळी एकच कौशल्य. पहिले दोन महिने फक्त नोंद लिहिणं, पुढचे दोन बोलणं, त्यापुढचे दोन बीट बैठक. आकडे, पालक, हंगामी नियोजन दुसऱ्या सहामाहीत. सगळं एकदम सुरू केलं की पहिल्याच मोठ्या मोहिमेच्या आठवड्यात सगळं एकदम बंद पडतं.

शहरांतल्या खासगी बालवाड्यांच्या संचालिकांनाही यातलं बरंच लागू पडतं. त्यांची एक अडचण वेगळी आहे: कमी पगारामुळं दर जूनला शिक्षिका बदलते, आणि शिकवलेलं तिच्यासोबत जातं. तिथं वर्गाचं दिवसाचं वेळापत्रक, कृतींची वही आणि प्रत्येक मुलाची नोंद संस्थेत राहील अशी ठेवणं, आणि नव्या शिक्षिकेला पहिला आठवडा जुनीसोबत बसवणं, हे आधी करायला हवं. त्याहून आधी पगार. तो न वाढवता टिकाऊ शिक्षिका मिळेल असं व्यवस्थापनाचं कुठलंही कौशल्य आम्हाला माहीत नाही.

सहा महिने झाले की कुठल्याही तीन अंगणवाड्यांच्या भेट वह्या उघडायच्या आणि शेरे क्रमानं वाचायचे. प्रत्येक शेऱ्याची सुरुवात मागच्या ठरावापासून होत असेल तर पुढचं कौशल्य घ्यायचं. जिथं मागच्याचा पुढच्यात पत्ताच नाही, तिथं येत्या महिन्याची पहिली जोडभेट.